लिहून ठेवलेला जॅझ

१९५७ च्या उन्हाळ्यात मॉस्को पाहुण्यांनी फुलून गेलं होतं. सहावा जागतिक युवक आणि विद्यार्थी महोत्सव तिथे भरला होता आणि तीस हजारांहून अधिक परदेशी तरुण शहरात उतरले होते. स्तालिनला जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. परदेशी माणसाशी दोन शब्द बोललं तरी जिथे चौकशी मागे लागायची, त्याच रस्त्यांवर आता रात्र रात्र नाचगाणी चालली होती. महोत्सवात जॅझलाही जागा मिळाली. मॉस्कोतल्या कलावंतांच्या मध्यवर्ती भवनाने तरुण वादकांचा एक वाद्यवृंद उभा केला होता, त्याची सूत्रं युरी साउल्स्कीकडे होती. या वाद्यवृंदासोबत एकोणीस वर्षांचा एक कॉन्झर्व्हेटरीचा विद्यार्थी पियानोवर बसला आणि त्याने स्वतः रचलेला ‘कॉन्चेर्टिनो’ वाजवला. त्याच्या हस्तलिखितावर ओपस १ असा क्रमांक होता. विद्यार्थ्याचं नाव निकोलाय कापुस्तिन.

साउल्स्कीच्या वाद्यवृंदाला महोत्सवात रौप्यपदक मिळालं. पण पदकाचं कौतुक ओसरायच्या आत ‘सोवेत्स्काया कुल्तुरा’ या वर्तमानपत्राने या पोरांवर झोड उठवली. पाश्चात्त्य फॅशनचे कपडे घालून मिरवणाऱ्या तरुणांसाठी रशियात जो हिणकस शब्द रूढ होता, तोच या वादकांना चिकटवला गेला आणि थोड्याच दिवसांत वाद्यवृंद मोडीत निघाला. पाहुण्यांसमोर पदक द्यायचं आणि पाहुणे गेले की कान पिळायचे, अशी ती तऱ्हा होती. सोविएत संघात जॅझ वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा ऊनपावसाचा खेळ कधी ना कधी आला. कापुस्तिन मात्र त्यातून बराचसा कोरडा राहिला. तो कसा राहिला, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

रशियात जॅझ आला तो १९२२ साली. वालेंतिन पार्नाख हा कवी आणि नर्तक पॅरिसहून परतला आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला त्याने मॉस्कोत पहिली जॅझ मैफल घडवली. १९२६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक मॉस्कोत वाजवून गेले, त्यांत सिडनी बेशे होता. त्याच सुमारास अलेक्सांद्र त्स्फास्मान नावाच्या विशीतल्या पियानोवादकाने ‘आमा-जॅझ’ ही टोळी जमवली. १९२८ मध्ये त्यांचं वादन रेडिओवरून ऐकू आलं आणि तबकडीवरही उतरलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘प्रावदा’त माक्सिम गोर्कीचा लेख आला. इटलीत राहत असताना शेजारून ऐकू येणाऱ्या संगीताने गोर्की हैराण झाला होता आणि जॅझ म्हणजे धनदांडग्यांच्या चैनीचं, माणसातलं जनावर जागं करणारं संगीत, असं त्याने ठरवून टाकलं. पुढली कित्येक वर्षं जॅझविरुद्ध बोलायचं झालं की हाच लेख पुढे केला जाई.

तरीही १९३४ मध्ये लेओनिद उत्योसोव्हचा जॅझने भरलेला विनोदी चित्रपट देशभर गाजला, आणि १९३८ मध्ये तर सरकारनेच राज्य जॅझ वाद्यवृंद स्थापन केला. युद्धात अमेरिका मित्रराष्ट्र झाली तशी तिची गाणीही गोड झाली. १९४५ मध्ये त्स्फास्मानने मॉस्कोत गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ वाजवली, तेव्हा वाद्यवृंदापुढे निकोलाय गोलोवानोव्हसारखा बडा संचालक उभा होता. वर्षभरातच वारं फिरलं. एडी रोझनर हा ट्रम्पेटवादक १९४६ मध्ये पकडला गेला आणि त्याची रवानगी मगदानच्या छावण्यांकडे झाली. १९४८ मध्ये शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह यांच्यावरच पक्षाचा ठराव आदळला, तिथे जॅझवाल्यांना कोण विचारतो! १९४९ मध्ये वादकांकडून सॅक्सोफोन काढून घेतले गेले. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच वाद्याचं नाव आलं. रशियन संगीतकार त्या काळाला आजही सॅक्सोफोन सरळ करण्याचा काळ म्हणतात.

नेमक्या याच काळात कापुस्तिन मॉस्कोत आला.

त्याचा जन्म २२ नोव्हेंबर १९३७ चा, युक्रेनमधल्या होर्लिव्का या कोळसाखाणींच्या गावातला. युद्ध आलं तेव्हा वडील आघाडीवर गेले आणि तिथेच पडले. आई, आजी आणि मुलं हजारो किलोमीटर दूर, किर्गिझस्तानातल्या तोकमाक गावी पोचली. युद्ध संपल्यावर मंडळी माघारी आली. बहिणीला व्हायोलिन शिकवायला मास्तर येत. त्यांच्यापाशीच सातव्या वर्षी निकोलायचे पियानोचे पहिले धडे झाले. तेराव्या वर्षी त्याने एक अख्खा सोनाटा लिहून काढला. चौदाव्या वर्षी तो मॉस्कोत आव्रेलियान रूबाख यांच्या हाती पडला.

रूबाख हे फेलिक्स ब्लूमेनफेल्ड यांचे शिष्य. ब्लूमेनफेल्ड म्हणजे व्लादिमिर होरोविट्झचे गुरू, आणि मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत ज्यांच्याकडे त्स्फास्मान शिकला तेही हेच. म्हणजे सोविएत जॅझचा पहिला मोठा पियानोवादक आणि सर्वांत विलक्षण जॅझ रचनाकार एकाच गुरुघराण्यातले. हा योगायोग असला, तरी त्यातून एक गोष्ट दिसते. अमेरिकेत जॅझ पियानो वाढला तो गुत्त्यांत, चर्चमध्ये, भाड्याचे पैसे जमवण्यासाठी घरी भरवलेल्या मेजवान्यांत. रशियात तो कॉन्झर्व्हेटरीच्या जिन्याने वर आला. बोटं शोपँ आणि लिस्टवर तयार झालेली असायची, मग त्यांना जॅझ भेटायचा.

कापुस्तिनला तो भेटला रेडिओवर. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर १९५५ पासून विलिस कोनोव्हर रोज रात्री जॅझ लावत असे. तो मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या श्रोत्यालाही कळावं. सोविएत संघात हजारो तरुण खरखरत्या लहरींतून त्याला शोधत बसत. कुणी वापरून टाकलेल्या एक्स-रे फिल्मवर चोरून ध्वनिमुद्रणं कोरून विकायचे, छातीच्या फासळ्यांच्या चित्रावर आर्मस्ट्राँग वाजायचा. कापुस्तिनच्या कानात भरला तो पियानोवादक ऑस्कर पीटरसन. पुढे कधीही विचारलं, तरी पहिलं नाव त्याचंच यायचं. त्या वादनातली सफाई, दोन्ही हातांना सारखंच राबवणारा झपाटा, गाण्याचा कस न सोडता साधलेला वेग, हे सगळं रूबाखच्या शिष्याला ओळखीचं वाटलं असणार. लिस्टच्या अवघड रचना घासून घेतलेल्या हातांना पीटरसन परका नव्हता.

कॉन्झर्व्हेटरीत त्याचे गुरू होते अलेक्सांद्र गोल्डेनवायझर. हे गृहस्थ म्हणजे चालताबोलता इतिहास. तोलस्तोयच्या घरी त्यांचं जाणंयेणं होतं, त्याच्याशी ते बुद्धिबळ खेळत, त्याला पियानो ऐकवत. ऱ्हाखमानिनोव्ह आणि स्क्र्याबिन यांच्या पिढीतलं हे माणूस. दिवसा अशा म्हाताऱ्या गुरूपुढे बीथोव्हन वाजवायचा आणि संध्याकाळी आपलं क्विंटेट घेऊन रेस्टॉरंटमध्ये जॅझ, असा त्या पोराचा दिनक्रम होता. पण तंत्राचं आणि कानाचं ऋण तो नेहमी रूबाखचंच जास्त मानत आला. १९६१ मध्ये तो कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडला. त्या वयात, त्या शिक्षणावर, मैफलींचा एकल वादक व्हायची वाट त्याला मोकळी होती. तो ओलेग लुंदस्त्रेमच्या वाद्यवृंदात दाखल झाला.

या वाद्यवृंदाची कथाच अद्भुत आहे. चीनच्या हार्बिन शहरात रशियन रेल्वेकर्मचाऱ्यांची मोठी वस्ती होती. तिथल्या मुलांनी १९३४ मध्ये एक बँड उभारला. एलिंग्टनच्या तबकड्या ऐकून ही मुलं शिकली, मग शांघायच्या नाचघरांत वाजवून त्यांनी नाव कमावलं. १९४७ मध्ये देशप्रेमाच्या भरात सगळे मायदेशी परतले. वेळ इतकी वाईट होती, की त्यांना मॉस्कोत शिरकाव मिळाला नाही. कझान शहरात पांगून सिनेमागृहांत आणि ऑपेराच्या वाद्यवृंदांत पोट भरावं लागलं. १९५६ मध्ये कुठे त्यांना सरकारी वाद्यवृंद म्हणून एकत्र वाजवण्याची परवानगी मिळाली. कापुस्तिन त्यांच्यात अकरा वर्षं राहिला. देशभर दौरे, आज या गावी तर उद्या त्या, प्रत्येक ठिकाणचा पियानो वेगळा आणि बहुधा बेसूर. पण पियानोवादकाच्या खुर्चीवर बसून त्याने एका पूर्ण बिगबँडची तालीम रोज ऐकली. ब्रास कधी बोलावं, सॅक्सोफोनच्या पाच जणांनी एकाच श्वासात तान कशी टाकावी, ड्रमवाल्याने कुठे हात आखडावा, हे सगळं त्याच्या कानात मुरलं. पुढे त्याच्या पियानोच्या दोन हातांत बिगबँडच ऐकू येतो, त्याची पेरणी इथली.

१९६४ मधलं त्याच्या टोकाटा, ओपस ८, या रचनेचं एक चित्रीकरण आज सहज पाहायला मिळतं. लुंदस्त्रेमचा वाद्यवृंद मागे आणि पियानोवर कापुस्तिन. ब्रासचा घोष उठतो आणि पियानोची बोटं सुसाट निघतात. एकाच सुरावर वेगाने पडणारी बोटं, मधूनच डाव्या हाताचा टोला, मग दोन्ही हात एकाच तानेत. जॅझच्या पियानोवाल्याच्या अंगात येतं, खांदे उडतात, तोंडाने गुणगुण चालते. हा माणूस एखादं अवघड पण आवडतं काम करावं तसा वाजवतो. अंगविक्षेप नाही, प्रेक्षकांकडे नजर नाही. ऐकताना वाटतं की हे सगळं त्या क्षणी सुचतंय. प्रत्यक्षात त्यातला सूर न् सूर आधी कागदावर लिहिलेला होता.

कापुस्तिनबद्दल सगळ्यांत जास्त वाद होतो तो इथेच. तो स्वतः म्हणत असे, की मी जॅझ वादक नाही, मला आयत्या वेळच्या सुचण्यात रस नाही. मी सुचलेलं लिहितो आणि लिहिताना ते सुधारतं. ख्याल ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे विपरीतच वाटेल. मैफलीत गवयाने ऐनवेळी घेतलेल्या जागेवर आपण दाद देतो, ती जागा त्याने घरून लिहून आणली होती असं कळलं तर आपला विरस होईल. मलाही बरेच दिवस हे पटत नव्हतं. पण त्याच्या रचना पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझं मत ठाम झालं आहे, की त्याने जॅझमधून काही वजा केलं नाही. सुचण्याचा जो क्षण मैफलीत एकदाच येतो आणि विरतो, तो त्याने टेबलावर बसून पुन्हा पुन्हा तपासला आणि त्यातलं उत्तम तेवढं ठेवलं. त्यामुळे त्याच्या रचनेत रेंगाळणं नाही, भरतीचं काही नाही.

याला एक सोविएत बाजूही आहे आणि ती नजरेआड करून चालणार नाही. तिथे कोणत्याही कार्यक्रमाची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागे. कागदावरच्या रचनेवर शिक्का मारता येतो. उद्या रात्री वादकाला काय सुचेल, त्यावर कुठला अधिकारी शिक्का मारणार? म्हणून मुक्त वादनाकडे यंत्रणा कायम संशयाने पाहत आली. कापुस्तिनच्या रचनांची नावं सोनाटा, टोकाटा, प्रेल्यूड, फ्यूग अशी होती. हा कॉन्झर्व्हेटरीचा पदवीधर होता, तो जे लिहीत होता त्याला ‘गंभीर’ संगीत म्हणता येत होतं. त्यामुळे काही अभ्यासक असं मांडतात, की शास्त्रीय घाटाच्या आड त्याने जॅझ लपवून नेला. मला हे चातुर्याचं चित्र खोटं वाटतं. एक तर तो म्हणत असे, की मला कुणी कधी त्रास दिला नाही. दुसरं, देश बुडाला, मंजुऱ्या संपल्या, त्यानंतरही कितीतरी वर्षं तो तसंच, त्याच घाटात लिहीत राहिला. ज्याला लपवायचंच असतं तो धोका टळल्यावर पांघरूण काढतो. याला त्या घाटांची खरीखुरी ओढ होती.

१९७२ मध्ये त्याने लुंदस्त्रेमचा वाद्यवृंद सोडला. त्यानंतर पाच वर्षं टेलिव्हिजन आणि रेडिओसाठी वाजवणाऱ्या बोरीस कारामिशेव्हच्या वाद्यवृंदात, मग सात वर्षं सिनेमाच्या सिंफनी वाद्यवृंदात. पडद्यामागच्या या नोकऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पगार मिळत होता, समोर ठेवलेलं वाजवायचं होतं, उरलेल्या वेळात लिहायचं होतं. १९७७ मधला ‘जुन्या शैलीतला सूट’, ओपस २८, याच दिवसांतला. बाखच्या पार्टिटांत असतात तसे नाच एकापाठोपाठ येतात, आलमांद, गाव्होत, साराबांद, बुरे आणि शेवटी जिग. प्रत्येकाचा ताल बाखच्या काळचा, पण अंगात जॅझ भिनलेला. बाखला मिशा काढण्याचा चावटपणा त्यात कुठेही नाही. अठराव्या शतकातला आणि विसाव्या शतकातला पाय एकाच ठेक्यावर पडतो, एवढंच तो दाखवतो.

१९८० मध्ये त्याला रचनाकार संघाचं सदस्यत्व मिळालं. सोविएत संघात या सदस्यत्वावाचून रचना छापून येणं, तिला वादक मिळणं, मोबदला मिळणं दुरापास्त. त्याच वर्षी मॉस्कोच्या चायकोव्हस्की सभागृहात त्याने आपला दुसरा पियानो कॉन्चेर्टो वाजवला आणि नंतर मैफलीच्या व्यासपीठाकडे पाठ फिरवली. १९८४ मध्ये नोकरीही सोडली. सत्तेचाळिशीला आलेल्या या माणसाने मग पुढची छत्तीस वर्षं घरी बसून लिहिलं. गर्दीत वाजवणं त्याला कधीच मनापासून आवडलं नव्हतं. स्टुडिओत जाऊन स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करायचा, तेवढंच त्याचं वादन उरलं.

१९८४ हे वर्ष त्याच्या आयुष्यात बांध फुटावा तसं आलं. १९५७ पासून सत्तावीस वर्षांत त्याचे ओपस चाळिशीपर्यंत पोचले होते. मरण आलं तेव्हा क्रमांक १६१ झाला होता. पहिला सोनाटा, ओपस ४० चे आठ मैफली एत्यूद आणि ‘व्हेरिएशन्स’ या तिन्ही रचना त्या एका वर्षातल्या. एत्यूदांपैकी सातवा, ‘इंटरमेत्झो’, ऐकायला घ्यावा. सुरुवात अगदी आळसावलेली, एखाद्या जुन्या नाचघरातला पियानोवाला वेळ घालवत बसावा तशी. मग उजव्या हाताला तिसऱ्या स्वरांच्या जोड्या मिळतात आणि बघता बघता त्या जोड्या धावू लागतात. शोपँच्या एत्यूदांवर घासलेला हात असेल तरच हे निभतं, आणि नुसता तेवढाच हात असेल तरीही निभत नाही, कारण आळस बोटांत मुरलेला असावा लागतो. ‘व्हेरिएशन्स’ची सुरावट स्त्राविन्स्कीच्या ‘वसंतबली’च्या पहिल्या बासूनच्या सुरांची आठवण करून देते. १९१३ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांत दंगल उसळली त्या रचनेतले हे सूर कापुस्तिनच्या हातात आरामात पाय हलवत स्विंग करतात.

१९८८ मध्ये शोपँप्रमाणे सगळ्या चोवीस स्वरपट्ट्यांत फिरणारे २४ प्रेल्यूड, १९९७ मध्ये २४ प्रेल्यूड आणि फ्यूग. शोस्ताकोविचने बाखला वाहिलेला असाच संच १९५०-५१ मध्ये लिहिला होता, आणि त्यालाही अधिकाऱ्यांपुढे बोलणी खावी लागली होती. फ्यूग हा संगीतातला सर्वांत काटेकोर प्रकार. एक आवाज बोलतो, दुसरा तेच वेगळ्या उंचीवरून बोलतो, तिसरा मिसळतो आणि कुणीही कुणाचा शब्द अडवत नाही. त्यात जॅझ बसवणं म्हणजे तोंडी लावणं नव्हे, हाडामांसातून घडवणं. सहा पियानो कॉन्चेर्टो, २० पियानो सोनाटा, चेलो आणि सॅक्सोफोनसाठी रचना, असं हे काम वर्षानुवर्षं चालू राहिलं. विसावा सोनाटा २०११ मधला.

आणि एवढं होऊनही बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. जॅझवाल्यांच्या लेखी तो जॅझवाला नव्हता, शास्त्रीयवाल्यांच्या लेखी ही करमणूक होती. १९९० च्या दशकात निकोलाय पेत्रोव्हसारख्या नामवंत रशियन पियानोवादकाने त्याचा दुसरा सोनाटा मैफलीत वाजवायला घेतला. परदेशातल्या वादकांच्या हाती हस्तलिखितांच्या छायाप्रती फिरू लागल्या. २००० मध्ये स्टीव्हन ऑस्बोर्न या स्कॉटिश वादकाची आणि २००४ मध्ये कॅनडाच्या मार्क-आंद्रे आमलँची ध्वनिमुद्रिका आली. जपानमध्ये त्याचे चाहते जमले, स्वरलिपी छापून येऊ लागली. साठी उलटलेल्या माणसाला एकाएकी जगभरातून पत्रं यायला लागली. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत शोपँ आणि लिस्टच्या जोडीला ओपस ४० चे एत्यूद सर्रास ऐकू येतात, आणि ड्रम वाजवण्यातही तयार असलेल्या जर्मनीच्या फ्रँक डुप्रीने कापुस्तिनचे कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले आहेत.

२ जुलै २०२० रोजी मॉस्कोत कापुस्तिन गेला, वयाच्या ८२ व्या वर्षी. त्याच्या रचना वाजवणाऱ्या तरुणांमध्ये आता एक नवा प्रश्न घोळतो आहे. कागदावर आहे तेवढंच वाजवायचं की जॅझच्या रिवाजाप्रमाणे मधे स्वतःचं काही घालायचं? काहींनी घालून पाहिलं आहे. मी कागदाच्या बाजूचा आहे. त्याने ओपस ४० मधला एकही सूर चुकून तिथे ठेवलेला नाही, आणि त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाशेजारी बाकीची वादनं ठेवून ऐकली, की हे लगेच कानाला कळतं.